मणक्यात सापडलेला जंतू

कोपनहेगन, नोव्हेंबर

प्रिय बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. झोप तेवढी पुरत नाही. आईचे गुडघे या थंडीत फार त्रास देतात का?

वर्षभर आम्ही जुन्या गुरांची हाडं कोरतोय आणि त्या भुकटीतला डीएनए तपासतोय. हाती काहीच लागत नव्हतं. आज दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गाईच्या मणक्यात क्षयाचा जंतू सापडला. शेजारच्या टेबलावरच्या इंगविल्डने मला मिठीच मारली. "अगं ब्रोना, हस की जरा! सापडला एकदाचा!"

मला हसू येईना. मी म्हटलं, "याच्यापायीच मार्चमध्ये आमच्या घरी ट्रक आला. सगळ्या गाई मारायला नेल्या."

ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "नावं होती का गं त्यांना?" मी एकेक नाव सांगत गेले. सगळ्यांत शेवटी ड्रोमनचं.

बाबा, नवा वळू आणला नसता तर, असं तुम्ही अजून म्हणता, हे फियाक्रादादाने फोनवर सांगितलं. हा रोग हजारो वर्षं गोठ्यागोठ्यांतून फिरतोय. चाचणीत निरोगी ठरलेला वळू तुम्ही आणलात. आणखी काय करणार होतात?

पहाटे उठून तुम्ही रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहता, असंही तो म्हणाला. जाऊ नका, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पण कोट घालून जात जा. आणि आईला हाक मारा, तीही जागीच असते.

तुमचीच,
ब्रोना