अकरा बाटल्यांतली साखर

४ जून

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

घडलं ते असं :

१. तुमच्या थर्मामीटर कारखान्यात पारा भरणाऱ्या अकरा कामगारांच्या लघवीचे नमुने सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत आले.
२. अकराही बाटल्यांत पारा जवळजवळ नाही.
३. अकराही बाटल्यांत साखर आहे, आणि तीही सारखीच.
४. एक बाटली दादाच्या नावाची आहे. दादाला मधुमेह नाही.

बाटल्या भरून घेणारे आरोग्य-पर्यवेक्षक तुम्ही. अकरा जणांना एकदम एकसारखा मधुमेह कसा जडवलात, ते कळवा. काकाने मनावर घेतलं तर काय वाटेल ते करतो, असं बाबा म्हणतात. आज पटलं.

दादाचा हात इतका थरथरतो की शर्टाची बटणं हल्ली वहिनी लावून देते. मला त्याच्या पाऱ्याचा खरा आकडा हवा आहे.

आई बरी आहे.

मुंगी

७ जून

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

पत्राचं नाक फारच वर आहे. असो, काकाशी नाही भांडणार तर कोणाशी? अगं, पोरांना मागितल्या वेळी लघवी होत नाही. वरून साहेबांची घाई. आपल्या ड्रायव्हरनं मोठ्या मनानं सगळ्यांची अडचण दूर केली. त्याला साखर आहे हे मला काय ठाऊक? तेव्हा असं कर, अहवालातली तेवढी साखर काढून टाक. पाऱ्याचं राहू दे, ते छान आलंय.

दादा लहानपणापासूनच भित्रा. चहा कमी कर म्हणून सांगितलंय त्याला. पारा निघाला तर त्याला त्या खोलीतून हलवावं लागेल, आणि त्या कामावर हात बसलाय तो त्याचाच. नोकरी मी लावली, हेही विसरू नकोस.

आईला नमस्कार सांग. काकावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा काका

९ जून

ती. काकांस शि. सा. न.

साखर काढता येत नाही. ‘अकराही नमुने एकाच माणसाचे’ असं लिहून अहवाल तपासणी-खात्याकडे पाठवला आहे. ड्रायव्हरला दवाखान्यात पाठवा. तुमच्या तपासणीचा फायदा झालेला तो एकटाच माणूस, आणि तो पाऱ्याच्या खोलीत पाऊलही ठेवत नाही.

दादा भित्रा आहे, हे मात्र बरोबर. तपासणीला ये म्हणून काल फोन केला, तर म्हणाला, काकांनी सांगितल्याशिवाय मी येणार नाही. पाऱ्याला भीत नाही, तुम्हाला भितो. मग माझ्यावर ओरडला, आणि मग रडला. तो असा कधीच नव्हता. पारा अंगात भिनला की माणूस असाच चिडतो, असाच रडतो. चहाने होत नाही ते.

त्याला एक दिवस सुट्टी द्या आणि ‘जा’ एवढं स्वतःच्या तोंडाने सांगा. बाटली तो आमच्या माणसासमोर भरेल. रक्तही घेऊ.

लोभाचं शेवटी लिहायची पद्धत आहे. ते लिहिलं आहे असं समजा.

दादाला पाठवता की नाही, याचं उत्तर शनिवार, १४ जूनपर्यंत मला पोचू द्या.

मुंगी