दोन बार, मध्ये दहा आकडे

हार्लो कॉर्नर्स, न्यूयॉर्क राज्य
२ ऑक्टोबर २०२२

चि. मर्ल यास,
तुझ्या वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप वायोमिंगला पोहोचल्याचं कार्ड मिळालं. ऑरिनच्या दफनाला आलास, चार दिवस राहिलास, लाकडं फोडून ठेवलीस, त्याबद्दल आभार मानले तर रागावशील, म्हणून मानत नाही.

मंगळवारी ऑरिनचं पिस्तूल गेलं. परवाना त्याच्या नावाचा. परवानेवाला माणूस गेला की पंधरा दिवसांत हत्यार जमा करायचं असतं, आणि मंगळवार हा पंधरावा दिवस. ते मोटारीत घेऊन जाणंसुद्धा माझ्यासाठी गुन्हा ठरेल, असं पोस्टातली बाई म्हणाली. म्हणून मी फोन केला, तर शेरीफच्या कचेरीतून एक डेप्युटी आला. तोंडावरची लव अजून गेलेली नव्हती. त्याने पावती लिहिली. म्हणाला, ऑरिननेच त्याला बेसबॉल शिकवला होता. मी त्याला ॲपल पाय खायला घातला. पिस्तूल त्याने लेबल लावलेल्या पिशवीत घातलं आणि पिशवी दोन्ही हातांनी नेली, अंडी न्यावीत तशी.

शाळेच्या कराचं बिलही त्याच आठवड्यात आलं. आम्हांला मूल ना बाळ, तरी दर सप्टेंबरला ऑरिन कर भरायच्या खिडकीशी उभा राहून चेक द्यायचा आणि म्हणायचा, की यंदाही मी एक फळा घेऊन दिला, निदान त्यावर माझं नाव तरी लिहा. यंदा चेक मी दिला. खिडकीतली मुलगी वाट बघत थांबली. मी पावती घेऊन निघाले.

लोकांना वाटतं, तो करांना कंटाळून वायोमिंग वायोमिंग करत होता. कारण खरं दुसरं होतं आणि ते तुलाही ठाऊक आहे. वरच्या रानातून लाकूड तोडून उतरताना तो टेकाडाच्या मातीत पिस्तुलाचा एक बार काढायचा. मग दहा आकडे मोजायचे, मग दुसरा बार. म्हणजे मी येतोय, कॉफी ठेव. मी व्हरांड्यातली घंटा वाजवायची, म्हणजे ठेवली. अठ्ठावीस वर्षं हे चाललं. मग शहरातल्या त्या जोडप्याने बांधाला लागून शनिवार-रविवारचं घर बांधलं, घरापासून इतक्या फुटांत बार काढायचा नाही हा कायदा दाखवला आणि तक्रार केली. ऑरिनने त्यांची माफी मागितली. कायदा मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानंतर त्याने एकदाही बार काढला नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात वायोमिंगचा नकाशा लागला.

तू म्हणतोस, आता एकटीने कशाला राहायचं, इकडेच या. मर्ल, मी येणार नाही. तो इथे चर्चमागच्या मेपलखाली आहे. आणि दुसरं एक फक्त तुलाच सांगते. पहाटे पावणेसहाला जिन्याची सहावी पायरी वाजते, ऑरिन उतरताना वाजायची तशीच. आमचा कुत्रा बिस्किट मान वर करतो, शेपटी हलवतो आणि दाराशी जाऊन बसतो. मला भीती वाटत नाही. संध्याकाळी तो टेबलाशी पिस्तुलाला तेल द्यायचा आणि मी मोठ्याने पुस्तक वाचायची. अजूनही मी मोठ्यानेच वाचते.

तब्येत सांभाळ. डब्यातल्या घेवड्यावर दिवस काढू नकोस.

लोभ आहेच, तुझ्याकडूनही थोडा पाठवीत जा.
तुझी,
लुएला वहिनी


सेज क्रीक, वायोमिंग
१६ ऑक्टोबर २०२२

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पायरीचं वाचलं. वहिनी, थंडी पडली की लाकूड आकसतं. आठवीत शाळा सोडून तुम्ही गावचं वाचनालय कपाटामागून कपाट वाचून काढलंत, आणि पायरी वाजली तर असं लिहिता? दादा असता तर हसून लोळला असता.

इथलं सांगतो. राज्याचा आयकर नाही. जमिनीचा कर इतका थोडा, की पहिल्या वर्षी चूक झाली असेल म्हणून मी विचारायला गेलो होतो. माझं पिस्तूल टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी पडलेलं असतं. पाद्री जेवायला आले तेव्हा त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं, मीठ घेतलं आणि प्रार्थना म्हटली.

वाचनालयाचं तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. आहे. दोन कपाटं, मंगळवार आणि शुक्रवार. बाई कडक आहे, तुमचं जमेल.

दादाची दहा एकर माझ्या कुंपणाला लागून आहे. सहा वर्षांपूर्वी नकाशावर बोट ठेवून आणि माझ्या शब्दावर घेतली, पण तिच्यावर पाय ठेवायचं काही त्याच्या नशिबात नव्हतं. दर रविवारी मी तिथून चक्कर मारतो. ससे, हरणं, वारा. बाकी काही नाही. तुम्ही आलात तर निदान कुणी तरी तिथे असेल.

विचार करा. नाही म्हणायला घाई कसली?

माझ्यावरचा लोभ या हिवाळ्यात गोठू देऊ नये.
आपला,
मर्ल


हार्लो कॉर्नर्स
२० नोव्हेंबर २०२२

चि. मर्ल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं खरं असेल. लाकूडच असेल. पायरी वाजायची थांबली.

सहा तारखेच्या रविवारी पहाटे मी जागी होते. पावणेसहा झाले, सहा झाले, काही नाही. बिस्किट मान वर करून बराच वेळ वाट बघत राहिला. त्यानंतर रोज तेच. मग टेबलाच्या खणातला तेलाचा वास गेला. चिंध्या तिथेच आहेत, बाटली तिथेच आहे. नाक लावून हुंगलं तर नुसतं लाकूड. परवा त्याचा निळा पेला सापडेना. मी तो कुठे ठेवलेला नाही. एकटीच्या घरात वस्तू हलवणार कोण?

कुत्रा आता दाराशी बसत नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी बसतो. ती खिडकी पश्चिमेची.

सप्टेंबरात मी एकदा रडून घेतलं होतं, वाटलं होतं झालं. आता पुन्हा पहिल्यापासून. चर्चमधल्या बायका म्हणतात, दोन महिन्यांनी असं होतंच. होत असेल. पण तेव्हा तो गेला तरी घरात होता. आता घरातूनही गेला. मोठ्याने वाचायला बसले, तर आपलाच आवाज ऐकून पुस्तक मिटलं.

तुझ्या खोकल्याचं काय? मध घे, व्हिस्की नको. दोन्ही एकत्र तर मुळीच नको.

आठवण ठेव, म्हणजे लोभ आपोआप राहतो.
लुएला वहिनी


सेज क्रीक
४ डिसेंबर २०२२

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्हांला त्रास होईल असं काही लिहू नये, पण लपवणंही मला जमत नाही.

दादाच्या जमिनीवर कुणीतरी खुंट्या मारल्या आहेत. सोमवारी, सात नोव्हेंबरला पहिल्यांदा दिसल्या. चार होत्या, आता सोळा आहेत. प्रत्येकीला नारिंगी फीत. कुणीतरी घराची आखणी करतंय. दार पूर्वेला, दोन खोल्या आणि समोर लांब व्हरांडा. मी कौंटीच्या कचेरीत गेलो. तिथला बुवा म्हणाला, आमचा कुणी आलेला नाही, इतक्या थंडीत मोजायला जाईल असा वेडा आमच्याकडे नोकरीलाही नाही.

जमीन चोरायला कुणी आलं असेल, म्हणून मी बंदूक घेऊन तीन संध्याकाळी कुंपणाशी बसलो. कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी दोन खुंट्या जास्त. इथे जमीन अशी गोठली आहे, की पहार आपटली तर उलटून अंगावर येते. खुंट्या मात्र लोण्यात बोट घालावं तशा आत गेल्या आहेत.

आणि वारा त्या बाजूने आला, की तेलाचा वास येतो. मी माझं पिस्तूल तपासलं. त्याला तेल देऊन वर्ष झालं असेल.

पेला सापडला का?

कृपालोभ आहे, तो असाच धरून ठेवावा.
मर्ल


हार्लो कॉर्नर्स
८ जानेवारी २०२३

चि. मर्ल यास,
अनेक आशीर्वाद.

पेला सापडला नाही. शोधणंही सोडलं.

तुझं पत्र वाचून शेडमध्ये गेले. नारिंगी फितीचं रीळ ऑरिन दाराच्या खिळ्याला टांगायचा. खिळा आहे, धुळीत रिळाची गोल जागा आहे, रीळ नाही. मोजपट्टी नाही. मोठा हातोडाही नाही. शेडचं कुलूप मी स्वतः किल्लीने उघडलं, आणि किल्ली माझ्या गळ्यात असते.

एक काम कर. फितीची गाठ बघून ये. ऑरिन डावखुरा. त्याची गाठ उलटी बसायची, सोडवताना माझी नखं तुटायची.

आता माझं ऐक आणि हसू नकोस. तारखा मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या. इकडची पायरी सहा तारखेला थांबली, तिकडच्या खुंट्या सात तारखेला दिसल्या. खणातला वास इथून गेला आणि तिकडे वाऱ्यावर आला. मर्ल, तो गेला नाही. त्याने घर बदललं. बारा वर्षं जाऊ जाऊ म्हणत होता, दर वेळी मी म्हणायची, पुढच्या वर्षी. सप्टेंबर आणि ऑक्टोबर तो माझ्यासाठी थांबला. मी तुला नाही म्हणून लिहिलं, त्यावरही त्याने महिनाभर वाट बघितली, मग तो एकटाच निघाला.

रुसून गेला असेल, तर ते मला सोसणार नाही. चाळीस वर्षांत आम्ही एकदाही भांडण ठेवून झोपलो नाही.

शहरातलं ते जोडपं ख्रिसमसचा केक घेऊन आलं होतं. माझं घर विकायचं असेल तर घेऊ म्हणाले. बाई चांगली आहे. आम्हांला बंदुकीची सवय नव्हती, असं म्हणाली आणि खाली बघत राहिली. मी तिला केकबद्दल धन्यवाद दिले.

गाठीचं लगेच कळव.
लोभ कर, उशीर करू नकोस.
लुएला वहिनी


सेज क्रीक
५ फेब्रुवारी २०२३

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

गाठ उलटी आहे. सगळ्याच.

वहिनी, आता मी लिहितो ते नीट वाचा. तुम्ही येऊ नका. सहा वर्षं तुम्हां दोघांना या म्हणणारा मीच, आणि आता मीच सांगतोय. तिथेच राहा, कर भरा, शाळेला फळा घेऊन द्या, काय वाटेल ते करा.

गुरुवारी सूर्य टेकडीला टेकला आणि दादाच्या जमिनीवरून बार झाला. मी हातातली परात ठेवली. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. दहा म्हटलं आणि दुसरा झाला. त्याचंच पिस्तूल. तो आवाज मी पोरवयापासून ऐकलाय, चुकणार नाही. गेलो, तर बर्फ कोरं. सशाच्या पावलाचा ठसासुद्धा नाही. तेव्हापासून रोज, त्याच वेळी. आधी वाटायचं कुणी चेष्टा करतंय. आता वाटतं, चेष्टा असती तर बरं झालं असतं.

पण ते मुख्य नाही. घराच्या आखणीमागे नव्या खुंट्या आल्या आहेत. दोन अरुंद चौकटी, अगदी शेजारी शेजारी. मी मोजल्या. एक सहा फूट दोन इंच, म्हणजे दादा. दुसरी पाच फूट तीन. वहिनी, तुमची उंची किती आहे ते मला विचारायचं नाही.

माझा भाऊ होता, त्याच्यावर माझा जीव होता. पण तो तुम्हांला नेण्यासाठी जागा करत असेल, तर मी त्याच्या बाजूला नाही. तुम्ही राहा. मीच ती जमीन विकतो.

पाया पडून सांगतो. लोभ असेल तर ऐका.
मर्ल


हार्लो कॉर्नर्स
२ एप्रिल २०२३

चि. मर्ल यास,
तुझ्या वहिनीचे पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

तू घाबरलास, त्याचा मला राग नाही. जमीन मात्र विकायची नाही, ती माझी आहे.

घर दिलं. परवा सह्या झाल्या. त्या बाईने विचारलं, काही अट आहे का. मी म्हटलं, मेपलखाली अधूनमधून बघत जा. तिथे कुणी नाही, तरी बघत जा.

शेरीफच्या कचेरीत फोन केला होता. तोच डेप्युटी होता. त्याला म्हटलं, उठून कपाट उघड आणि ऑरिनचं पिस्तूल आहे का ते बघून सांग. बराच वेळ तो फोनवर आला नाही. मग म्हणाला, आहे, पिशवी बंद आहे, लेबल माझ्याच अक्षरातलं आहे. पुढे म्हणाला, बाई, तुम्ही दिलंत तेव्हा यावर धूळ होती. आता असं चकचकतंय जसं कुणी काल रात्रीच तेल दिलंय. मी त्याला सांगितलं, राहू दे, कपाट लावून घे. ते पिस्तूल मला आणायचं नाही. ज्याला हवं, त्याच्याकडे ते आहे.

आता तुझ्या त्या पाच फूट तीनबद्दल. मी पाच फूट तीन आहे. लग्न झाल्यावर ऑरिनने मला दाराशी उभं करून फितीने मोजलं होतं, का तर स्वयंपाकघरातली वरची फळी माझ्या हाताला यावी. त्या घरात चाळीस वर्षं मला कधी स्टूल लागलं नाही. तू चौकट बघितलीस आणि तुला थडगं दिसलं. मला फळ्या दिसतात, पलंग दिसतो. तुझंही बरोबर असेल. कुठली का असेना, जागा माझ्या मापाची आहे, आणि मोजणाऱ्याचा हात मला माहीत आहे. रुसलेला माणूस शेजारची चौकट आखत नाही.

एक गोष्ट तुला कळली नाही, कारण तू तेव्हा टेकाडाखालच्या आमच्या घरात नसायचास. दोन बार म्हणजे अर्धंच बोलणं. उरलेलं अर्धं माझं. घंटा वाजली नाही, तर तो टेकाडावर थांबायचा. एकदा मी शेजारी बाळंतपणाला गेले होते, तर अंधार पडून तासभर तो वरच उभा होता. आता फेब्रुवारीपासून तो रोज विचारतोय, आणि उत्तर कुणी देत नाही. मी जायला उशीर केला तेवढा पुरे.

बुधवारी निघते. चार दिवस लागतील. नकाशा भिंतीवरून काढून घेतलाय. बिस्किट मोटारीत मागे बसायला तयार नाही, पुढे त्याच्यासाठी जागा नाही, कारण तिथे घंटा आहे. ऑरिनच्या कोटात गुंडाळून पट्ट्याने बांधली आहे. तुझ्या घरी मी आधी थांबणार नाही. दार उघडून बाहेर येऊ नकोस. सूर्य टेकला, की दोन बार ऐकशील. त्यानंतर घंटा ऐकू आली, की समज मी पोहोचले, आणि कॉफी ठेव.

लोभ आहे तिथेच असू दे, या वेळी मीच तो घ्यायला येते.
तुझी,
लुएला वहिनी

ता. क. वाचनालयाच्या कडक बाईंकडून कार्ड काढून ठेव. नाव विचारतील, तर दोघांचं सांग. वाचणारी मी एकटीच, पण ऐकायला आता ऑरिनही आहे.