बर्फाला अस्तर

२८ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. आ. (पद्धत म्हणून लिहिते, मनातून एकही नाही.)

तू नाक वर करून निघून गेलीस त्याला चार दिवस झाले. ऑपरेशन करून बसवलेला नवा गुडघा अजून भोपळ्यासारखा सुजलेला आहे. फिजिओबाई घरी येऊन मोजून गेल्या. साठ अंश वाकतो म्हणे. वीस मार्चच्या तपासणीपर्यंत नव्वद झाला नाही, तर डॉक्टर भूल देऊन जबरदस्तीने वाकवणार. आणि न वाकणारा पाय शिलाई मशीनवर चालत नाही, हे दुकानात वीस वर्षं माझ्या शेजारी बसलेल्या तुला सांगायला नको.

दर दोन तासांनी वीस मिनिटं बर्फ, एवढंच तर काम होतं! तिथेही पाट्या टाकल्यास.

तुझ्यावर लोभ ठेवणं जड जातंय.
ताई

४ मार्च

ती. ताईस, सा. न.

चोराच्या उलट्या बोंबा! दहा दिवस गजर लावून बर्फ दिला. एक पिशवी वितळली की फ्रीजरमधली दुसरी. तूच शेजारणीसमोर मला आळशी म्हणालीस आणि दार दाखवलंस. ओला फडका लागला की किंचाळायचीस, म्हणून पिशवीला खोळसुद्धा मी हाताने शिवली. तिचा एक टाका वाकडा दाखव.

दुकान मी एकटी ओढतेय, ते कोणाला दिसत नाही. गुडघा वाकत नसेल तर तू व्यायामाला टाळाटाळ करत असशील. तुझ्या खोडी मला नवीन नाहीत.

असलेला लोभ कमी केलास तरी चालेल.
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद शिल्लक नाहीत.

टाका सरळ आहे गं, डोकं वाकडं आहे! पाच तारखेला फिजिओबाईंनी खोळ चाचपली आणि कोणी शिवली म्हणून विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझ्या बहिणीने. त्यांनी ती उसवून दाखवली. बाहेर सुती कापड, आत कापूस, मग उबदार फ्लॅनेल, शिवाय अस्तर. म्हणाल्या, ही तर बर्फाला रजई शिवलीय, गारवा गुडघ्यापर्यंत पोचलाच नाही. शरमेने मान वर करवेना. हेच शिकवलं का मी तुला?

आता एकच पातळ फडका लावते. सूज उतरतेय, चौऱ्याहत्तर अंशांवर आलेय. पण शेजारीण दिवसातून दोनदाच येते, आणि मला वाकून पिशवी बांधता येत नाही. तुला बोलावत नाहीये. नुसतं कळवतेय.

ताई

१२ मार्च

ती. ताईस, सा. न.

हे पत्र उद्या मीच तुझ्या हातात देईन. तोंडाने सांगायला जमणार नाही.

चूक माझी. वर तुलाच नावं ठेवली, त्याची लाज वाटते. पण तुला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी पातळ फडक्यातून बर्फ लावला आणि तू रडलीस. आई गेली तेव्हाही तू रडली नव्हतीस, मला कुशीत घेऊन बसली होतीस. मला ते बघवेना. मग गुपचूप रोज एकेक थर वाढवत गेले. तू शांत झालीस, मला वाटलं उतार पडतोय.

दुकानाला वीस तारखेपर्यंत कुलूप लावलंय. बर्फ दर दोन तासांनी मीच लावणार, पातळ फडक्यातून. रड, ओरड, शेजारणीसमोर वाट्टेल ते बोल. या खेपेला मला तुझी दया येणार नाही.

धाकटी