झाकलेला तांब्या

कोल्हापूर,
ता. ८ ऑगस्ट १९९८

ति. दादास,
निशिगंधाचा नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी पोचलं. काल म्हैस व्याली, रेडी झाली. पंचगंगेला पाणी चढलंय, आपल्या बाजूला अजून आलेलं नाही. राजारामपुरीतला दुधाचा रतीब आता मीच घालते. तीन घरं सुटली, बाकीची टिकून आहेत. आई बरी आहे, असं मागच्या तिन्ही पत्रांत लिहिलं होतं. या वेळी ती ओळ लिहवत नाही.

तू विचारलंस, आईला साबणाचं पाणी आणि प्यायचं पाणी एवढंही ओळखता येऊ नये? पत्र तिला वाचून दाखवताना मी ते वाक्य गाळलं. एप्रिलपासून मी गाळतच आलेय, म्हणून आज हे लिहिते. एसटीडीवर, मागं माणसं ताटकळत असताना, बोलता आलं नसतं.

महिला मंडळाच्या वर्गात बाईंनी छापील कागद दिला होता, ‘थंड पद्धतीचा साबण’. चूल लागत नाही म्हणून थंड म्हणायचं, पण उष्णतेवाचून तोही होत नाही. कॉस्टिक सोडा पाण्यात सोडला की पाणी आपोआप तापतं, वाफा निघतात. पहिल्या वेळी आईनं तांब्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. म्हणाली, “जाळ न्हाय, चूल न्हाय, आन् हे तापतंय कशानं? भूत हाय की यात.” ते पाणी हाताला सोसेल इतकं निवू द्यायचं, मग तेलात घालून घोटायचं. घाई केली तर साबण फाटतो. साच्याच्या पेटीत ओतल्यावर मात्र उलटं. वरून वाकळ गुंडाळायची, म्हणजे आतली ऊब टिकून साबण नीट धरतो. आई हसायची, बाळंतिणीवानी शेकायचं म्हण की.

एप्रिलमधल्या त्या दिवशी ऊन फार होतं आणि सोड्याचं पाणी काही निवेना. कागदावर होतं, ‘झाकून ठेवावे’. मी कागदाबाहेर कधी गेले नाही. तांब्या माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवला, घरात तीच जागा गार, आणि वर फुलपात्र पालथं घातलं. दर दहा मिनिटांनी हात लावून बघत होते. शेवटी तांब्या गार लागला. मी खूश होऊन वाकळ आणायला घरामागं परड्यात गेले.

दादा, माठापाशी फुलपात्र झाकलेला तांब्या म्हणजे आपल्या घरात काय, हे तुला सांगायला नको. आई रतीब घालून दुपारी यायची, तेव्हा तिच्यासाठी रोज मीच तसा भरून ठेवायचे. त्या दिवशीही तो तिला भरलेला दिसला. गरम असता तर तिचा हात मागं आला असता. निवल्यावर ते पाण्यासारखंच दिसतं. वाफ नाही, वास नाही. आणि ती वरून पिते. ओठाला काही लागलंच नाही, घोट थेट घशात गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे ठेवलं कुणी? मी तो कागद हातात धरून उभी होते. माझ्याआधी आईच घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मीच ठिवलं, मीच इसरले.” मी कागदाची घडी करून मुठीत धरली. नंतर तिनं मला जवळ बोलावलं. “तू ठिवलंस म्हनू नगंस कुणाला. दादालाबी न्हाय. तुझ्या शाळंला नावं ठिवतील.”

तू सातवीतून कामाला लागलास. पुढं मला शिकवायला भावकीत कुणीच राजी नव्हतं. ती एकटी सगळ्यांशी भांडली होती, ते तू बघितलंयस.

मग तू आलास आणि दोन दिवस तिला बोललास. ती खाली मान घालून ऐकत होती. मी आत भाकरी थापत होते.

आता तिची खरी तब्येत. नळी घालून घसा रुंद करायचे, त्याचा उपयोग होईना. पंधरा दिवस झाले, पेजही उतरत नाही. पाण्याचा घोट तोंडात धरते आणि थुंकते. सतरा तारखेला, सोमवारी, पोटातून नळी बसवणार आहेत. यापुढं जेवण त्यातूनच. मोठं ऑपरेशन असतं, पण ते सोसायची ताकद तिच्यात उरलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाले.

त्याआधी ये. तिला एक शब्द बोलू नकोस. मला बोल, पण परड्यात, तिला ऐकू जाणार नाही असं. तिला वाटू दे की तू अजून तिलाच दोष देतोस. मला पाठीशी घालणं, एवढी एकच गोष्ट आता तिच्या हातात आहे.

रतीब घालून आल्यावर मीही माठापाशी जाते. तांब्या माझाच भरलेला असतो, तरी आधी हात लावून बघते. गार लागला की पिववत नाही.

आत्ता तिनं खुणेनं विचारलं, एवढं काय लिहितेस? मी म्हटलं, म्हैस व्याली ते कळवतेय. त्यावर कसंबसं म्हणाली, “खरवस हाय, ये म्हनावं.”

एवढं तिचं. बाकीचं सगळं माझं.

तो तांब्या झाकून ठेवलेली,
निशिगंधा