वहिनींच्या टाकीपर्यंत साठ फूट

१४ नोव्हें.
पुतण्या महेशचा कामोठ्याहून फोन. "काका, सात डिसेंबरला आईला घेऊन जातोय. कायमची. पऱ्यावरून हंडे वाहून गुडघे गेलेत तिचे." खरं तेच बोलला. दादा गेल्यापासून वहिनी वरच्या घरात एकट्या. पण त्यांना जायचं नाही. "भावजी, चौथ्या मजल्यावर मी करू काय? भात झोडू?"
पऱ्या म्हणजे घराखालचा ओढा, तिथवर लाईटचा खांब नाही, मोटर बसणार कशी? तरी बोलून बसलो, पाणी दारात आणतो, तेही विजेशिवाय. तोंड आवरत नाही माझं.

१७ नोव्हें.
हायड्रॉलिक रॅम! एकतीस वर्षं आयटीआयच्या फळ्यावर काढला, बसवला एकदाही नाही. दोनशे वर्षांपूर्वीची फ्रान्समधली युक्ती. उतारावरून पाणी पाइपात धावत येतं, झडप फटकन मिटते, त्या धक्क्याने थोडं पाणी वर चढतं. झडप उघडली की पुन्हा तेच. बाकीचं पाणी वाहून जातं. न्हाव्याच्या खुर्चीपासून जेसीबीपर्यंत सगळीकडे दाबाचाच खेळ, पण कुठे पाय मारा, कुठे डिझेल ओता. याला नुसता उतार पुरे.

२२ नोव्हें.
बोर्लीहून दोन इंची लोखंडी पाइप, झडपा. धक्का झेलणाऱ्या हवेच्या डब्यासाठी भंगारातलं आग विझवायचं नळकांडं. दुकानदार म्हणे, "गुरुजी, रॉकेट सोडताय काय?" सोडतो म्हटलं.

२६ नोव्हें.
जोडलं. झडप हाताने पंधरावीस वेळा दाबली, मग आपली आपण चालायला लागली. टक... टक... टक. वरून वहिनींची हाक, "भावजी, आलं वो!" करंगळीएवढी धार. धावत चढलो. डोळे भरले, वय झालं दुसरं काय. वहिनींनी चहात साखर दुप्पट घातली.

२९ नोव्हें., शनिवार
बंद. सकाळी पाइपाच्या तोंडावरची कचऱ्याची जाळी धुवायला खाली गेलो तेव्हा ठणठणीत होतं. दुपारी टक नाही, धार नाही. वॉशर बदलला. काही नाही.

१ डिसें.
अजून बंद. नळकांड्यातली हवा, पाइपाचा उतार, सगळं तपासलं. वहिनी पुन्हा हंडा घेऊन चढताना दिसल्या. मी पाठ फिरवली. फार वाईट वाटतं.

३ डिसें.
सगळं खोललं. आतल्या झडपेत फुगलेले तांदूळ! हळद लागलेले! वर जाऊन विचारलं.
"व्हय, शनिवारी पऱ्याची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. पाण्याला कामाला लावलंव, रिकाम्या हातानं का?"
"पण पाइपाच्या तोंडावर?"
"मग कुठं? तिथनंच तर शिरतंय ना ते!"
तोंडावर जाळी असताना तांदूळ आत गेलेच कसे, असा मोठा सवाल टाकला आणि फडक्यासाठी पिशवीत हात घातला. जाळी पिशवीतच. धुवून परत लावलीच नव्हती मी. वहिनींनी जाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भात वाढायला उठल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

४ डिसें.
चालू. जाळी तारेने बांधली. ओटीसाठी पाइपाच्या खालच्या अंगाचा दगड ठरवून दिला. वहिनींनी तो पसंत केला.

७ डिसें.
महेश दहाला गाडी घेऊन हजर. आधी पऱ्यावर नेला. अर्धा तास झडपेपाशी उकिडवा बसला. "काका, वीज नाही, डिझेल नाही, मग फुकट कसं चढतं?" फळ्याशिवाय शिकवलं. शेवटी म्हणाला, "एप्रिलमध्ये पऱ्या आटला की?" तेव्हा हेही थांबणार, सरळ सांगितलं.
वहिनी म्हणाल्या, "एप्रिलचं एप्रिलला. आज टाकी भरली हाय."
जेवण झाल्यावर महेश आंघोळीला बसला तो उठेचना. वहिनी ओरडल्या, "अरे, टाकी रिकामी करतोस का काय!" चारला निघायचं होतं. साडेपाच वाजले. वहिनींची बॅग भरून ओटीवर आहे आणि वहिनी आत उद्याच्या घावनांचे तांदूळ भिजत घालतायत. तिघांचे.