कपच्या उडू नयेत म्हणून

सर, गारगोटी फोडायला तुम्ही कायम बाहेर, कॉलेजमागच्या शिरीषाखाली बसायचात. मांडीवर गोणपाटाची घडी, डाव्या हातात गारगोटी, उजव्यात नदीतला गोटा. एका टोल्यात पातं निघायचं, हजारो वर्षांपूर्वी इथल्या माणसाने काढलं असेल तसंच. माझा दगड भलतीकडेच फुटायचा. मी चिडले की तुम्ही म्हणायचात, "दगडाशी भांडू नको गं. तो कुठं फुटायचं म्हणतोय ते आधी बघ." तुमचं हे नांदगावकडचं बोलणं कॉलेजात काहींना खटकायचं, तुम्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

ती बाहेरची बैठक माझ्यामुळे मोडली. अठ्ठ्याण्णव साली माझा प्रबंध सुरू झाला. एक दगडी हत्यार घडवताना उडालेली प्रत्येक कपची, अगदी तिळाएवढीसुद्धा, मला गोळा करून पुन्हा जुळवायची होती, आणि बाहेर वारा बारीक चुरा घेऊन जायचा. म्हणून मी तुम्हाला मागच्या खोलीत बसवलं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, खाली पांढरी चादर अंथरली. "आत नको, लय घुसमटतं," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "सर, दोनच महिने." त्याची दोन वर्षं झाली. फटीतून ऊन आलं की हवेत धूळ चमकताना दिसायची, आणि मला ती सुंदर वाटायची. संध्याकाळी मी कोरड्या झाडूने खोली झाडायचे. एकदा तुम्ही खोकत खोकत हसलात, "माझ्या फुफ्फुसातल्या कपच्या राहिल्या ना तुझ्या गोळा करायच्या." मीही हसले होते. त्याची मला आज लाज वाटते.

प्रबंध पुरा झाला आणि त्याच वर्षी तुम्ही गेलात. काकू म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, दगडाची धूळ बसली होती आत." माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, तरी माझी मान खाली गेली. हे पत्र तुमच्या घरी गेलं तर त्याच वाचतील, म्हणून पाठवणार नाही.

आता त्या खोलीत मी शिकवते. खिडक्या लावलेल्याच असतात. माझं नाव झालं ते याच पद्धतीवर. जिना चढताना मला मध्येच थांबावं लागतं, पण तपासून घ्यायचा धीर होत नाही. माझी एक विद्यार्थिनी महिनाभर खोकते आहे. काल तिने विचारलं, "मॅडम, तुमचे सर कशानं गेले?"

तुम्ही पन्नाशीही गाठली नव्हती, सर. "वय झालं होतं," मी म्हणाले, आणि तिच्यापुढे नवा दगड ठेवला.