वरीलप्रमाणे

शनिवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे सगळं वरीलप्रमाणे, असं बाबांसारखं लिहून मोकळी झाले असते, पण वर काही लिहिलेलंच नाही. बावीस वर्षांत तुला माझं हे पहिलं पत्र.

आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ ठणठणीत आहे. तू स्वतः घडवून पाठवलेल्या स्टुलावर पाय ठेवून दिवसभर शेजारणींची उणीदुणी काढते. सुताराचा हात लागला की लाकूड निमूट बसतं, म्हणते. माझ्याकडे ते बोलायला लागतं, तीच पंचाईत झालीय.

माझं काम तुला कुणी सांगितलं नसेल. पोकळ गिरमिटाने झाडातून पेन्सिलीएवढी कांडी काढतात. मी ती दुहेरी करवतीने कापून नखाएवढी पातळ पट्टी करते, राळ धुऊन काढते आणि क्ष-किरणांखाली धरते. वर्षाचं वलय पुरं करताना झाड शेवटी काळपट कडा भरतं ना, सगळी मेख तिच्यात. उन्हाळाअखेर, म्हणजे आपल्या डोंगरात ऑगस्टला, ऊब मिळाली तर कडा घट्ट आणि जड, गारठा पडला तर फिकी आणि हलकी. थर्मामीटर नव्हते तेव्हाचे उन्हाळेही असे कळतात. पण आधी ताळा करायचा. अलीकडची वलयं तिथल्याच हवामानाच्या वहीशी जुळवून बघायची. जुळली, तर झाडांच्या जुन्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा.

या खेपेच्या कांड्या आपल्या उतारावरच्या आहेत. तुझ्या रोपवाटिकेच्या वरची पाइनची रांग. वही अर्थात बाबांची.

तीस वर्षं जुळली. एक जुळलं नाही. कोणतं, ते तुला सांगायला नको. वही म्हणते ऑगस्ट उबदार होता. झाडांची कडा त्या साली इतकी फिकी आहे की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

“बाई, तेवढ्या जागी पट्टी पातळ कापली गेलीय तुमच्याकडून,” आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले.

“अकराही झाडांची? नेमकी एकाच सालापाशी?”

“मग काय, वही खोटी? तो माणूस रोज डोंगर चढून आकडा घ्यायचा. तुमची करवत चढते का डोंगर?”

तो माणूस आपले बाबा, हे सरांना ठाऊक नाही. सोमवारी सकाळी लेखी द्या, म्हणाले. कापणीत चूक झाली, एवढं एक वाक्य. ते साल गाळून टाकू, विषय मिटला.

वाक्य मी लिहूनसुद्धा ठेवलंय. या कागदाखालीच आहे. ते दिलं तर मला चार बोल बसतील आणि कुणाला कधीच काही कळणार नाही. मघापासून तीनदा उठून पाणी पिऊन आले.

दादा, त्या ऑगस्टात बाबांचा पाय मोडला होता आणि डोंगरावरच्या लाकडी पेटीतला थर्मामीटर रोज वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी गेले नाही. पहिले चार दिवस गेले, मग पांघरुणातून पाय काढवेना. थंडी होती म्हणून गेले नाही, आणि वहीत लिहिलं की थंडी नव्हती. मागल्या सालचं पान उघडलं आणि आकडे उतरवले, कुठे अर्धा अंश कमी, कुठे अर्धा जास्त. कंटाळा आला तिथे चक्क ‘वरीलप्रमाणे’. खाली बाबांची सही ठोकली. सोळा वर्षांची होते, पण सही हुबेहूब यायची.

महिनाअखेरीस तुझी सगळी रोपं काळी पडली. तू म्हणालास, हिव पडलं. रोपवाटिकेच्या साहेबांनी वही मागवली, आणि वहीत हिव कुठलं? पाणी द्यायला आळस केला, असा शेरा मारून त्यांनी तुला काढलं. बाबा म्हणाले, “आकड्याला कुणी लाडकं नसतं.” पुढे ते तुझ्याशी बोललेच नाहीत. वर्षभरात गेले, तुला कामचुकार समजून. कामचुकार त्यांच्या उशाशी बसून औषध देत होती.

आधी माराची भीती वाटली, मग लाजेची. मग सवयच झाली.


सोमवार, १६ नोव्हेंबर

पत्र परवा अर्धवट राहिलं. काल दिवसभर आईसमोर बसवेना. ती म्हणाली, “चेहरा का असा फुटाण्यासारखा?” मी म्हटलं, दात दुखतोय.

आज सकाळी सरांना एकाऐवजी सात वाक्यं दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. मग कपाटातून वही काढली आणि दोन्ही सालची ऑगस्टची पानं शेजारी शेजारी धरली. बराच वेळ बोट फिरवत होते.

“म्हणजे झाडं बरोबर होती,” ते म्हणाले.

“हो. आणि माझा भाऊही.”

माझं काय करायचं ते वरचे ठरवतील. तोवर करवतीला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. सरांना दिलेल्या कागदाची प्रत सोबत आहे, सहीशिक्क्याची. तुला हवी तिथे दाखव. पत्र टपालात टाकून मी थेट घरी जाऊन आईला सांगणार आहे.

एक राहिलं. खरं तर एवढंच लिहायचं होतं आणि त्याच्याच भोवती तीन पानं फिरत राहिले.

घरी चौकशीला आलेल्या साहेबांनी तुला विचारलं होतं, “वहीवर तुझा काही आक्षेप?” मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “नाही.” मग घर सोडताना तू सहज विचारलंस, “पेटीचं दार नीट लागतं ना गं, खारू?” मी म्हटलं, “हो, रोज लावते.” तू माझी वेणी ओढलीस आणि पिशवी उचललीस.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी मी वर पेटीपाशी गेले. दार बिजागरीतून निखळलेलं होतं. तारेने बांधलेलं, तीन पीळ देऊन टोक आत वळवलेलं, म्हणजे तुझ्याच हातचं. तारेवर गंज चढला होता. म्हणजे तू ते ऑगस्टातच बांधलं होतंस आणि त्यानंतर ते कुणी उघडलंच नव्हतं.

तुला माहीत होतं, दादा. आणि तुला माहीत आहे, हे मला बावीस वर्षं माहीत आहे.

तू परत ये, असं म्हणायला मला तोंड नाही. आईसाठी ये. मी त्या दिवशी घरी नसावं असं वाटत असेल, तर तेवढं कळव.

या वेळी सही माझीच,
कामचुकार
खारू